मीटर कुणासाठी?

निजाम सरकारच्या रेल्वेने रस्त्यावर बस आणली ती जून १९३२ मध्ये. गाड्या २७ आणि माणसं १६६, एवढाच पसारा. स्कॉटलंडमधल्या अल्बियन कंपनीची त्या पहिल्या ताफ्यातली एक बस हैदराबादला अजून जपून ठेवलेली आहे. नांदेड आणि लातूर ही गावं तेव्हा निजामाच्याच हैदराबाद संस्थानात होती, लातूर तर उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. दोघांनाही आगगाडी मिळालेली होती. नांदेडला १९०० मध्ये हैदराबाद–मनमाड मार्गावरची मीटरगेज, लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज. रुळांची मापं निराळी, दिशा निराळ्या. मधल्या पट्ट्यातलं लोहा, अहमदपूर, चाकूर हे सगळं रस्त्याच्या हवाली होतं.

रेल्वेने चालवलेली बस म्हणजे रेल्वेच्या सवयी आल्याच. गाडी किती मैल धावली, मैलामागे तेल किती, टायर किती मैलांनी उतरला, हे लिहिल्याशिवाय रेल्वेच्या माणसाला झोप लागत नाही. त्या काळच्या विलायती बसमध्ये चालकासमोर वेग दाखवणारा काटा असेलच, असं मात्र धरून चालता येत नाही. खुद्द ब्रिटनमध्ये नव्या वाहनांना स्पीडोमीटर सक्तीचा झाला तो १ ऑक्टोबर १९३७ पासून. मैल मोजणारी यंत्रं त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होती. त्यातला एक प्रकार थेट चाकाच्या मध्यावर, बाहेरच्या अंगाला बसवत. त्याला हबोडोमीटर म्हणतात आणि काही बस-ट्रेलरांवर तो आजही दिसतो. स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला तो दिसणं शक्यच नसतं. तो वाचायचा तो डेपोत, खाली वाकून, हातात वही घेतलेल्या माणसाने.

गाडीच्या दर्शनी फळीची गोष्ट सहसा चालकाच्या सोयीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आधी वेगाचा काटा आला, मग तेलाचा, मग पाण्याचा, मग दिवे, आता पडदा. मराठवाड्यातल्या रस्त्यांवरून हा क्रम पाहिला तर मला वेगळंच दिसतं. मीटरचा खरा गिऱ्हाईक बहुतेक वेळा गाडीत नव्हताच. तो मालक होता, महामंडळ होतं, कचेरी होती. चालक मीटर वाचायचा कमी आणि त्याला उत्तर द्यायचा जास्त.

मुळात हा काटा चालतो कसा, ते आधी पाहू. १९०२ मध्ये तेव्हाच्या जर्मन साम्राज्यातल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओटो शुल्झे याने एक पेटंट घेतलं आणि पुढची जवळपास ऐंशी-नव्वद वर्षं जगभरच्या गाड्या त्यावरच चालल्या. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक लहानसा पिनियन असतो. चाकाकडे जाणारा दांडा फिरला की तो फिरतो आणि त्याला जोडलेली पिळदार पोलादी तार फिरते. या तारेभोवती नळी, नळीत ग्रीस. गॅरेजात हिला मीटरची वायर म्हणतात, पण तिच्यातून वीज वाहत नाही, तिच्यातून फक्त गरगर वाहते. ही वायर डॅशबोर्डमागे मीटरमध्ये शिरते आणि तिच्या टोकावर एक चुंबक असतो. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी, त्याला कुठेही न टेकलेली. वाटीच्या दांडीवर काटा आणि काट्याला मागे ओढणारी केसासारखी बारीक स्प्रिंग.

ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे शाळेतलं पोर सांगेल. पण चुंबक वाटीजवळ फिरायला लागला की वाटीच्या धातूत विजेचे भोवरे उठतात, त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि वाटी फिरत्या चुंबकाच्या मागे ओढली जाते. फ्रान्समध्ये आरागोने १८२४ मध्ये हा चमत्कार पाहिला होता, कारण सांगितलं ते फॅराडेने १८३१ नंतर. घरोघरच्या जुन्या वीजमीटरमधली फिरती चकती याच नियमाने फिरायची आणि याच नियमाने आवरली जायची. गाडीतल्या वाटीला मात्र पूर्ण फिरायची मुभा नाही, स्प्रिंग तिला अडवते. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी ओढ जास्त, आणि जिथे ओढ व स्प्रिंग बरोबरीला येतात तिथे काटा थांबतो. अमेरिकन पद्धतीत मैलाला वायरचे सुमारे १,००० फेरे धरत, म्हणजे ताशी ६० मैलांना मिनिटाला १,००० फेरे.

याच वायरवर दुसरं एक यंत्र बसलेलं असतं, आणि हिशेबाच्या माणसाचा सगळा जीव त्यात. दातेरी चाकं एकात एक अडकवून, वायरचे शेकडो फेरे एका आकड्याच्या सरकण्यात उतरवणारा तो मोजक म्हणजे ओडोमीटर. वेगाचा काटा चुंबकाच्या भरवशावर असतो, म्हणून तो अंदाजाचा. चुंबक वर्षांनी अशक्त होतो, स्प्रिंग मरते, वायरीतलं ग्रीस आटलं की काटा नाचायला लागतो. ओडोमीटरला चुंबकाची गरज नाही. तो दात्याला दाता लावून मोजतो, फेरा झाला म्हणजे झाला. एकाच काचेमागे एक अंदाज सांगणारा आणि एक मोजणी करणारा असे दोघं शेजारी राहतात, आणि डोळ्यात भरतो तो अंदाज सांगणारा, कारण तो मोठा असतो. मोजणीच्या खिडकीत पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर सगळी शून्यं, आणि ट्रक पुन्हा कोरा करकरीत. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात, म्हणजे मोजणी चुकते तीही वर चढून. मालकाला हे कळत नसे असं नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्याच वर्षी १ जूनला, साडेतीन महिने आधी, मुंबई राज्यात अहमदनगर–पुणे मार्गावर पहिली एसटी सुटली होती. ती एसटी नांदेड-लातूरची नव्हे. इथे हैदराबादचंच खातं चालत राहिलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्या खात्याचे वाटे पडले. तेलंगणातल्या वाट्याचं जानेवारी १९५८ मध्ये आंध्र प्रदेशचं महामंडळ झालं. मराठवाड्यातला वाटा मुंबईकडे आला आणि १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या महामंडळात मिसळला. गाड्या तशाच, चालक तेच, वहीचा मथळा बदलला.

या दहा-बारा वर्षांत इथल्या माणसाने जेवढी मापं बदलताना पाहिली तेवढी क्वचितच कुणी पाहिली असतील. रुपया संस्थानाचा हाली होता, मग भारताचा कलदार झाला, सात हालीला सहा कलदार असा सर्वसाधारण हिशेब. १ एप्रिल १९५७ पासून आणे जाऊन नवे पैसे आले. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने शेर-मण गेले आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यावरचे मैलाचे दगड किलोमीटरचे झाले. गाड्यांचे डायल अर्थातच एका रात्रीत बदलले नाहीत. मैलाचा काटा असलेली गाडी किलोमीटरच्या दगडांमधून बरीच वर्षं धावत राहिली, आणि हिशेब लिहिणाऱ्याला प्रत्येक आकड्याला १.६ ने गुणावं लागलं. एसटीचं भाडं मात्र मीटरवर कधीच ठरलं नाही, ते टप्प्यांवर ठरतं, आणि टप्पा सहा किलोमीटरचा. त्यामुळे बसचं मीटर बंद पडलं म्हणून प्रवाशाचं तिकीट बदलत नाही. बदलतं ते डिझेलचं ॲव्हरेज, आणि त्याची पृच्छा चालकाकडे होते.

सरकारी जीपची कथा याहून मजेदार. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या दर्शनी पत्र्यावर पाच गोल घड्याळं होती. मध्ये वेग, भोवती पेट्रोल, तेलाचा दाब, पाण्याची उष्णता आणि अँपिअरचा काटा. युद्ध संपल्यावर उरलेल्या जीपा भारतात विकल्या गेल्या, आणि महिंद्रने मुंबईत जीप जुळवायला घेतली ती त्याच घराण्यातली. तहसील, पाटबंधारे, बांधकाम, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे साहेब जीपने जाई. आणि जीपबरोबर लॉगबुक जाई. निघतानाचं रीडिंग, परततानाचं रीडिंग, प्रयोजन, सही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडाभर खडी फोडण्याची, तलाव-बंधाऱ्यांची, रस्त्यांची कामं सुरू झाली आणि त्या कामांवर देखरेख करणाऱ्या जीपांची लॉगबुकं भरून वाहिली. पाच घड्याळांपैकी एकाचाच आकडा त्या वहीत चढायचा. जीपचं इंजिन तापत होतं की नाही याला वहीत रकाना नव्हता.

आणि मराठवाड्यात इंजिन तापणं हा तर रोजचा मामला. मे महिन्यात नांदेडला पारा ४२-४३ ला जातो. सावकाश चढणारी, माल आणि माणसं कोंबलेली गाडी, मागून वारा. मागून वारा असला की रेडिएटरला हवा लागत नाही, हे कुठल्याही जुन्या चालकाला पाठ असतं. पाण्याची उष्णता बघायची पहिली लोकप्रिय सोय डॅशबोर्डवर नव्हतीच. अमेरिकेत १९१२ च्या सुमारास बॉइसचा मोटोमीटर आला, तो रेडिएटरच्या झाकणावर उभा केलेला थर्मामीटर. चालक बॉनेटवरून त्याच्याकडे बघे. पुढे तो आत आला तो बूर्दोंच्या नळीवर स्वार होऊन. १८४९ मध्ये फ्रेंच कारागीर युजीन बूर्दों याने दाखवलं होतं की वाकवलेली चपटी पोकळ नळी आतून दाब आला की सरळ व्हायला बघते. इंजिनात बुडवलेल्या बल्बमध्ये ईथर भरायचं, पाणी तापलं की ईथरची वाफ होते, केसासारख्या तांब्याच्या नळीतून तिचा दाब डॅशबोर्डपर्यंत येतो, तिथली वाकडी नळी जरा सरळ होते आणि काटा हलतो. तेलाच्या दाबाचं घड्याळही याच नळीवर, फक्त तिथे इंजिनाचं खरं तेलच नळीतून चालकाच्या गुडघ्यापर्यंत येई. नळी फुटली की विजारीवर.

विजेवर चालणारे काटे नंतरचे. पाण्यात थर्मिस्टर नावाचा खडा बसवायचा, ज्याचा विजेला होणारा विरोध तापल्यावर कमी होतो. डॅशबोर्डमध्ये दोन धातूंची पट्टी, तिच्यावर गुंडाळलेली तापणारी तार. खड्यातून जास्त वीज आली की पट्टी जास्त तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. पेट्रोलचा काटाही तसाच. टाकीत तरंगणारा फुगा, त्याच्या दांडीने सरकणारा विरोध, आणि वर तीच पट्टी. बॅटरीचा दाब कमी-जास्त झाला तर काटे खोटं बोलतील, म्हणून स्मिथ्ससारख्या विलायती कंपन्यांच्या मीटरमागे एक चिमुकली डबी असे. ती वीज भराभर तोडून-जोडून सरासरी १० व्होल्टच पुढे पाठवी. ही डबी गेली की पेट्रोल आणि उष्णता हे दोन्ही काटे एकदमच वेड्यासारखे वर जातात. दोन काटे एकाच वेळी बिघडले तर दोष काट्यांत नसतो, ही खूण ऑटो इलेक्ट्रिशियन नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात देतो.

पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून हे काटे मंद असतात. चावी फिरवल्यावर सावकाश उठतात. हा मंदपणा दोष म्हणून सांगितला जातो, पण मला ती शहाणी तडजोड वाटते. खड्ड्यांच्या रस्त्यावर टाकीतलं पेट्रोल सतत हिंदकळतं, फुगा वरखाली होतो. काटा चपळ असता तर अर्ध्या टाकीचा आणि रिकाम्या टाकीचा फरक कधी कळलाच नसता.

उष्णतेच्या काट्यात मात्र एक सापळा आहे आणि त्यात सापडलेली इंजिनं मराठवाड्यातल्या प्रत्येक गॅरेजात मिळतील. होसपाइप फुटला, पाणी वाहून गेलं. खडा आता पाण्यात बुडालेला नाही, तो वाफेत किंवा कोरड्या हवेत लटकतो आहे. पाण्याइतकी उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे इंजिन जळायला लागतं तेव्हाच काटा खाली येऊ शकतो. गाडी गार झाली असं समजून चालक पुढे दामटतो आणि काही किलोमीटरवर इंजिनाचं हेड वाकडं होतं. जुना चालक काट्यावर विसंबत नसे. तो नाक वापरी. तापलेल्या तेलाचा वास, गिअरमधला बदललेला सूर, पायाखालच्या पत्र्याची धग. गाडी उभी करून बॉनेट उघडायचं, ओलं फडकं टाकून झाकण सैल करायचं, कॅनमधलं पाणी हळूहळू घालायचं. ट्रकमध्ये पाण्याचा कॅन हा या भागात सुट्या टायरइतकाच हक्काचा, आणि टंचाईच्या उन्हाळ्यात त्या कॅनचं पाणी मिळवणं हेही काम.

दिवे या काट्यांचे धाकटे भाऊ. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने तेलाच्या आणि चार्जिंगच्या काट्यांऐवजी नुसते लाल दिवे बसवले. तिथल्या जाणकारांनी त्यांची भरपूर टिंगल केली, आणि टिंगल अगदीच चुकीची नव्हती, कारण काटा आधी सांगतो आणि दिवा झाल्यावर सांगतो. तेलाचा दिवा म्हणजे इंजिनावरचं दाबाचं एक साधं बटण. दाब नसला की वीज जोडली जाते आणि दिवा लागतो, दाब आला की सुटते. म्हणूनच चावी दिल्यावर तो लागलाच पाहिजे आणि इंजिन पेटल्यावर गेलाच पाहिजे. चावीवर लागलाच नाही तर बल्ब गेलेला असतो, आणि बल्ब गेलेली गाडी तेलाशिवायही बिनदिक्कत धावते.

चार्जिंगच्या दिव्याची करामत त्याहून सुंदर. त्याचं एक टोक चावीमार्गे बॅटरीला, दुसरं अल्टरनेटरला. इंजिन बंद असताना एका टोकाला बारा व्होल्ट आणि दुसऱ्याला काहीच नाही, म्हणून दिवा लागतो. अल्टरनेटर वीज करायला लागला की दोन्ही टोकांचा दाब सारखा होतो, आणि सारख्या दाबांमध्ये वीज वाहत नाही, म्हणून विझतो. अनेक गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारी पहिली वीज याच बल्बमधून जाते. बल्ब गेला तर काही गाड्यांत चार्जिंगच सुरू होत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी अल्टरनेटर बदलणारे लोक आहेत, आणि बदलून देणारेही.

आता वायरीकडे परत जाऊ, कारण तिची दुसरी गोष्ट अजून सांगायची आहे. मीटरची वायर डॅशबोर्डमागे किंवा गिअरबॉक्सवर एका आट्याच्या नटाने अडकवलेली असते. तो नट हाताने दोन-तीन फेरे सैल केला की वेगाचा काटा पडतो आणि ओडोमीटर थांबतो. गाडी धावत राहते. यातून एक अख्खी संस्कृती उभी राहिली. भाड्याने दिलेल्या गाडीचा चालक मधल्या फेऱ्या मीटरबाहेर मारतो. विकायच्या गाडीचं मीटर काही महिने झोपवून ठेवतात, किंवा उघडून चाकं मागे फिरवतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत गावोगावी धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा आणि ट्रॅक्समध्ये चालतं मीटर सापडणं ही नवलाई होती. तिथे मालकाचा हिशेब किलोमीटरवर नव्हता, दिवसाच्या ठरलेल्या रकमेवर होता, आणि कुणी मोजत नसेल तर मीटर दुरुस्त करायला पैसे कोण घालणार? सरकारी लॉगबुकातही 'मीटर बंद' हे दोन शब्द फार उपयोगाचे ठरत. काटा चालकासाठी असता तर तो बंद पडल्यावर चालकाने तक्रार केली असती. बहुतेक ठिकाणी तक्रार आली ती हिशेबनिसाकडून.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्यासारख्या गाड्यांबरोबर मीटरचं शरीर बदललं. सुट्या घड्याळांची जागा एका प्लॅस्टिकच्या पेटीने घेतली. मागे तारांच्या जंजाळाऐवजी छापील तांब्याच्या रेषांचा पातळ पापुद्रा, त्यात बल्ब अर्धा फेरा फिरवून बसवलेले. घाईत ओढला तर पापुद्रा फाटतो आणि दोन दिवे एकमेकांचं काम करायला लागतात. गॅरेजच्या माणसाला पाना सोडून सोल्डर हातात घ्यावं लागलं, ते इथून.

खरा बदल पुढचा. जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये एका कामाला हात घातला आणि १९८६ मध्ये ते जगापुढे ठेवलं. गाडीतल्या निरनिराळ्या संगणकांनी दोन तारांवरून आळीपाळीने बोलायचं, प्रत्येक निरोपाला अग्रक्रमाचा एक आकडा द्यायचा, आणि ज्याला जो निरोप हवा त्याने तो उचलायचा. याला कॅन बस म्हणतात. १९९१ च्या मर्सिडीजमध्ये ती प्रथम आली आणि पुढच्या दोन दशकांत आपल्याकडच्या साध्या गाड्यांपर्यंत झिरपली. मीटरची वायर गेली. तिच्या जागी चाकाजवळ किंवा गिअरबॉक्सवर एक संवेदक, जो फिरणाऱ्या दात्यांचे विजेचे ठोके मोजतो. ते ठोके संगणकाकडे जातात, संगणक वेग काढतो, दोन तारांवर घोषणा करतो, मीटर ती ऐकतं आणि काट्यामागच्या चिमुकल्या स्टेपर मोटरला सांगतं, अमुक इतके टप्पे सरक. चावी दिल्यावर सगळे काटे शेवटपर्यंत जाऊन परत येतात ते या मोटरांना आपलं शून्य शोधता यावं म्हणून. कंपन्यांनी मग त्याचीच ऐट केली.

या बदलाने काटा वस्तूपासून तुटला. पूर्वी पाणी, ईथर, नळी, काटा अशी अखंड साखळी होती. आता मध्ये एक ठरवणारा बसला आहे, आणि त्याने काय दाखवायचं हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. बऱ्याच आधुनिक गाड्यांत पाणी ८० अंशांवर असो की १०० अंशांवर, उष्णतेचा काटा मधोमध खिळलेला राहतो. गिऱ्हाईक उगाच घाबरून सर्व्हिस सेंटरला येऊ नये, म्हणून. वेगाचंही तेच. युरोपात गाड्यांना लागू असलेल्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, मात्र जास्त दाखवायची मुभा दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर इतकी आहे. गाडी खरोखर १०० ने धावत असताना काटा ११४ दाखवू शकतो. मोबाइलवरचा वेग आणि काट्यावरचा वेग जुळत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांना हे सांगून पाहावं. ओडोमीटरचा आकडा आता एका चिपच्या स्मृतीत राहतो. मागे फिरवणारे संपले नाहीत, त्यांनी फक्त स्क्रू-ड्रायव्हर ठेवून लॅपटॉप घेतला.

आणि मग मीटरने हुकूम द्यायला सुरुवात केली. १ ऑक्टोबर २०१५ पासून नव्या व्यापारी वाहनांतल्या बहुतेकांना ताशी ८० किलोमीटरची कुलुपं लागली. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ८० च्या पुढे गेलं की बीप आणि १२० च्या पुढे अखंड बीप सक्तीची झाली, सीटबेल्टची कुरकुर वेगळीच. त्याच वर्षाच्या जानेवारीपासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा कळवणारं यंत्र आणि संकटाचं बटण लावायचा नियम आला. गाडी आता कुठे आहे आणि किती वेगाने आहे हे दुरून वाचता येतं, वायर सैल करणाऱ्याच्या हाती काही उरलं नाही. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, यवतमाळ करत नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ रुंद झाला, रस्ता मोकळा मिळाला, आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी स्वतःच बोंब मारायला लागली.

ट्रकवाल्यांना सगळ्यात जास्त छळतो तो एक नवा काटा. १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा हे प्रदूषणाचं मानक लागू झालं. मोठ्या डिझेल इंजिनांच्या धुरातले नायट्रोजनचे वायू मारायला ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असं द्रावण नळकांड्यात फवारतात. पुस्तकात त्याचं नाव डीईएफ, चालकांच्या तोंडी नुसता युरिया. लातूरच्या अडतीतून तूर-सोयाबीन भरून निघणाऱ्या ट्रकच्या मीटरवर आता डिझेलच्या काट्याशेजारी या टाकीचीही पातळी दिसते. ती खाली गेली की आधी दिवा, मग बीप, आणि तरीही भरलं नाही तर इंजिनाची ताकद टप्प्याटप्प्याने काढून घेतली जाते. शेताच्या युरियावर मात्र हा ट्रक चालत नाही. त्या युरियाला कडुनिंबाचं लेपन असतं, त्याने सायलेन्सरमधलं महागडं उत्प्रेरक खराब होतं, आणि अनुदानाचा युरिया असा वळवणं हा गुन्हा आहे. शेतकरी खताच्या रांगेत उभा आणि त्याचा माल नेणारा ट्रक युरियासाठी पंपावर उभा, अशी दृश्यं आपल्या भागात आता नवी राहिलेली नाहीत.

इंजिनाचा पिवळा दिवा ही तर नव्या काळातली सगळ्यात मोघम तक्रार. तो लागला म्हणजे प्रदूषणाशी संबंध असलेला काही दोष संगणकाने नोंदवला, एवढंच. दोष काय, ते चालकाला कळत नाही. स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत स्कॅनर लावल्यावर तो मिस्त्रीला कळतो, तोही सांकेतिक आकड्यात. भारतात ही तपासयंत्रणा बीएस चारच्या काळात, २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत सक्तीची झाली. गाडीच्या पोटात शेकडो गोष्टींची नोंद असते आणि चालकाच्या वाट्याला एक दिवा.

१ जून २०२२ रोजी एसटीची पहिली विजेची बस, शिवाई, पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. पुढे महामंडळाने ५,१५० विजेच्या बस भाडेकराराने घ्यायचं ठरवलं. बस कंपनीची, चालक कंपनीचा, वाहक एसटीचा आणि पैसे धावलेल्या किलोमीटरमागे. या गाडीत तेलाचा दिवा नाही, डिझेलचा काटा नाही. चालकासमोर बॅटरीची टक्केवारी आणि उरलेलं अंतर दिसतं. ते उरलेलं अंतर टाकीतल्या फुग्यासारखं मोजलेलं नसतं. आताच्या किलोमीटरांना किती वीज लागली त्यावरून पुढचा अंदाज बांधलेला असतो. एसी जोरात असला, गाडी भरलेली असली आणि चढ लागला, की तो आकडा रस्त्यापेक्षा वेगाने उतरतो, आणि पुढचं चार्जिंग किती लांब आहे हे चालकाला पडद्यावर नाही, डोक्यात ठेवावं लागतं.